गादीवरची खुर्ची

२० जानेवारी, सोमवार

कंबरेचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, दिवसभर जमिनीवर मांडी घालून कॉम्प्युटर चालवता, कंबर तक्रार करणारच. दर अर्ध्या तासाने उठा, चाला, ताठ राहा, जमलं तर खुर्ची घ्या. थोडक्यात, खुर्ची घ्या.

रिक्षात हे म्हणाले, नोकरीच सोड ना. होळीपर्यंत बघ, दुखणं नाही थांबलं तर घरी बस. मी म्हटलं, घरीही बसायचंच ना? हे रिक्षावाल्याला रस्ता सांगू लागले. वादात मी नेहमी शांत आणि मुद्देसूद असते.

नोकरी सोडणार नाही. साड्यांच्या दुकानात बिलं करणं म्हणजे काही कलेक्टरकी नाही. पण तिथे मला गायत्रीबेन म्हणतात. घरी, बमरोलीत, मी अमोलची मम्मी आणि वरच्या मजल्यावरची भाभी.

संकल्प: या आठवड्यात खुर्ची. शास्त्रशुद्ध.

२१ जानेवारी, मंगळवार. दुपार

शेठकडे विषय काढला. हसमुखभाई लोडाला टेकून फोनवर बोलत होते. हात हलवून म्हणाले, हां हां, जे जोईए ते लई लो. जे हवं ते घ्या! केवढा विश्वास. स्वतःच्या मुलालाही असं म्हणत नाहीत.

हिलाल साड्यांच्या घड्या घालत होता. म्हणाला, गायत्रीताई, ते फोनवरच्या माणसाला म्हणाले. हिलालला माझी प्रगती बघवत नाही. तसा स्वभावाने चांगला आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

मोबाइलवर अभ्यास पूर्ण. मान, कंबर, गुडघे, सगळं काटकोनात हवं. पाठीला जाळी, मानेला उशी, हातांना आधार. जेवताना ह्यांना सविस्तर समजावलं. हे दिवसभर लूमखात्यात मागांपुढे उभे असतात. ऐकता ऐकता डोळे मिटले. उभ्या माणसाला बसण्यातले बारकावे कळायचे नाहीत.

अर्ध्या तासाचा गजर लावला होता. ऐन बिलात वाजला. बंद केला. खुर्ची आली की गरजच नाही.

२६ जानेवारी, रविवार

पर्वत पाटियाजवळ खुर्च्यांच्या मोठ्या दुकानात गेलो. सेल्समन म्हणाला, मॅडम, बसून बघा. लोक दोन मिनिटं बसतात आणि उठतात. मी त्याला म्हटलं, मला दिवसभर बसायचंय, तपासणीही तशीच व्हायला हवी. काळी खुर्ची, जाळीची पाठ. बसले. डोळे मिटून मणक्यावर लक्ष केंद्रित केलं.

ह्यांनी हलवून जागं केलं. भोवती सहा-सात माणसं. सेल्समन त्यांना सांगत होता, बघा, याहून मोठी गॅरंटी काय देऊ! दोघांनी तीच खुर्ची घेतली. तिसरी मी सांगितली, बिल शेठच्या नावावर. माझ्या निवडीवर शिक्कामोर्तब.

हे म्हणाले, घोरत होतीस. मी तोंडाने श्वास घेत होते.

३० जानेवारी, गुरुवार

खुर्ची आली! दोन हमालांनी डोक्यावरून आणली. शेजारच्या दुकानांतले लोकही बघायला जमले. आमच्याकडे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरी गादी, चपला बाहेर, सगळे खालीच बसतात. गादीवर उभी केलेली खुर्ची भारदस्त दिसत होती.

शेठ म्हणाले, आ शुं? हे काय? मी त्यांना त्यांच्याच शब्दांची आठवण करून दिली. तेवढ्यात इंदूरचं गिऱ्हाईक आत आलं. शेठ एकदम हसले आणि मोठ्याने म्हणाले, अमारे त्यां पहेलां स्टाफनी तबियत. आमच्याकडे आधी स्टाफची तब्येत! डोळ्यांत पाणी आलं.

बारीकसारीक दोन गोष्टी. चाकं गादीत रुतली, त्यामुळे मी दिवसभर डावीकडे कलले होते. आणि माझं डेस्क जमिनीवर बसणाऱ्यांचं, ते आता माझ्या नडगीशी येतं. खुर्चीची उंची, रुंदी, पाठ सगळं मोजलं होतं. डेस्क मोजणं हे खुर्ची निवडण्याच्या कामात येत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

सगळं सुटलं. चाकांखाली प्लायवूड, आणि साड्यांच्या गठ्ठ्यांची चळत रचून त्यावर कॉम्प्युटर. झकास टेबल.

प्लायवूडला किंचित उतार आहे. बिल सुरू करताना टेबलाशी असते, संपताना दाराकडे. फिरणं आपोआप होतं.

चार वाजता गिऱ्हाइकाला नेमका सगळ्यात खालचा गठ्ठा हवा झाला. शेठ म्हणाले, दे दे. माझं टेबल विकलं गेलं. स्क्रीन हिलालने झेलला.

३ फेब्रुवारी, सोमवार

उंचावरून दुकान वेगळंच दिसतं. माझा गुडघा शेठच्या कानाशी येतो. त्यांना काही विचारायचं तर मान वर करावी लागते.

बाहेरगावचा एक व्यापारी आला, मला वाकून नमस्कार केला आणि शेठकडे वळून म्हणाला, मुनीमजी, जरा पानी पिलाइए. शेठनी पाणी दिलं. मग दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. बढतीचा विचार करत असावेत.

कंबर ठणकतेय. नवीन खुर्ची अंगवळणी पडायला वेळ लागतो.

हे म्हणाले, होळी आली जवळ. मी म्हटलं, मला कॅलेंडर वाचता येतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चलथाणच्या प्रमिलाबाई आल्या. साखर कारखान्याच्या वसाहतीत घरूनच साड्या विकतात. गुडघे गेलेले, गादीवर बसता येत नाही, म्हणून दरवेळी दारात उभ्यानेच चार साड्या बघतात आणि निघतात. आज मला म्हणाल्या, ऊठ गं बाई, पाच मिनिटं टेकू दे. एवढ्या उंचावर तू काय राखण करतेस? शेत आहे का हे?

बसल्या. मागे रेलल्या. म्हणाल्या, अगं, हे तर माहेर आहे! मग उठेचनात. चहा झाला, डबा झाला. हा रंग काढ, तो काठ दाखव. मला बसायला जागाच नव्हती, म्हणून गठ्ठे मीच काढले, मीच पदर खांद्यावर टाकून दाखवले, बिलंही उभ्याने केली. निम्मं दुकान उघडलं. त्या म्हणाल्या, तुझ्या खांद्यावर सगळंच शोभतं, चोरटे. मी लाजले. दुकानात पहिल्यांदाच.

शेठ हसले. सोमवारनंतर आज.

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रमिलाबाईंनी मैत्रिणी पाठवल्या. सगळ्या गुडघेवाल्या. खुर्चीसाठी नंबर लागले.

शेठनी बोलावलं. म्हणाले, बेन, तमारो आइडिया जोरदार छे! अशाच आणखी चार खुर्च्या आणा, तुमच्याच पसंतीच्या. बायकांना तुमचं बोलणं पटतं, तर उद्यापासून तुम्ही पुढे उभं राहून माल दाखवा, बिलं माझा भाचा करेल.

बढती! मला आधीच कळलं होतं.

माझ्या खुर्चीचं विचारलं. म्हणाले, ए तो हवे घराकनी. आता ती गिऱ्हाइकांची. तात्पुरतं असेल. गर्दी ओसरली की माझीच आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

लग्नसराई. गर्दी ओसरत नाही.

एकदा खुर्ची रिकामी दिसली. निम्म्या वाटेत असताना एक आजी येऊन बसल्या. मी त्यांना पैठणी दाखवली.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी ह्यांनी विचारलं, तुनी कंबर कशी शे? आठवावं लागलं. दुखत नाही. कधीपासून, ते सांगता येईना. हे मानेनात, डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी वाकवून, दाबून पाहिलं. म्हणाले, छान, जे करताय ते चालू ठेवा. मी म्हटलं, खुर्ची अभ्यास करून निवडली, डॉक्टर. त्यांनी मॉडेलचं नाव लिहून घेतलं.

नोकरी राहिली. हे बाहेर येऊन म्हणाले, जा बाई, तुझी गिऱ्हाइकं वाट बघत असतील. तोंड वाकडं करून म्हणाले, पण डोळे खूश दिसत होते.

संध्याकाळी पाय भरून आले होते. त्याचा खुर्चीशी काही संबंध नाही. जिन्याच्या पायरीवर कोमट पाण्याची बादली घेऊन बसले. हे खात्यातून आले, शेजारी टेकले आणि विचारलं, एक सांग, तू त्या खुर्चीवर बठनी कवय? मी म्हटलं, बसले होते ना, पहिले काही दिवस. हे म्हणाले, तेव्हा तर दुखत होती. मी म्हटलं, चांगल्या खुर्चीचा गुण उशिरा येतो.

हे बराच वेळ हसले. मग चपला काढून त्यांनी आपले पाय माझ्या बादलीत घातले. एका बादलीत चार पाय मावत नाहीत. अर्धं पाणी जिन्यावरून खाली गेलं आणि खालच्या भाभी ओरडायला लागल्या, तरी कुणी पाय काढले नाहीत.