निळ्या प्लेटवरच्या रेघा

४ फेब्रुवारी
औषधाच्या खोक्यांचं काम आलं. चाळीस हजार. गिऱ्हाइकानं बारकोड पाठवला तो जेपीजी! मोठा करून पाहिला, तर प्रत्येक रेघेच्या कडेला भुसा. फेकून दिला. आकडे घेऊन मीच नव्यानं काढला, व्हेक्टरमध्ये. कितीही ताणा, धार तशीच. या छापखान्यात हे कळणारा मी एकटा. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, म्हणूनच शिकलो.
नेहमीची छपाईची ईपीएस फाइल सोडून या वेळी वेबवाल्यांची एसव्हीजी केली. जग पुढं गेलं, आपण का मागं राहायचं?

७ फेब्रुवारी
छपाई सुरू. खाली छपाईचं मशीन चालवणारे मशीनदादा जिना चढून वर आले, हातात निळ्या शाईची प्लेट (दर शाईची वेगळी असते).
"मास्तर, हिच्यावर बारकोडच्या रेघा कशाला रे?"
मी मानही वर केली नाही. "दादा, तुम्ही तुमचं मशीन सांभाळा. फाइल माझी आहे."
सगळे हसले. दादाही हसले. "बरं बाबा, तू म्हणशील ती पूर्व!" गुडघे धरून एकेक पायरी उतरत गेले.

१५ फेब्रुवारी
खोकी परत. सगळी! स्कॅनर वाचतच नाही. मालकांनी दोघांना बोलावलं. दादांचंच भिंग घेऊन मी पाहिलं — काळ्या रेघेच्या एका कडेला तांबडी झाक, दुसरीला निळी. "रंग सरकलेत. मशीनची चूक," मी म्हणालो. ठणकावून.
दादांनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मालकांना म्हणाले, "असेल. डोळे दगा देतात हल्ली."
मला वाटलं होतं, भांडतील.

१६ फेब्रुवारी
दादांना महिनाअखेरीपासून घरी बसायला सांगितलं. मी काय करणार? काम म्हणजे काम.

२८ फेब्रुवारी
दादांचा शेवटचा दिवस. नखांतली शाई काही निघेना, तशीच घेऊन गेले. जाताना वर आले. "पोरांच्या परीक्षा कधी रे?" एवढंच. भिंग माझ्या टेबलावर ठेवलं.
सव्वीस वर्षांपूर्वी मी इथं कागदाची रद्दी झाडायला लागलो, तेव्हा हेच भिंग त्यांनी माझ्या डोळ्याला लावलं होतं. "मधे काय बघतोस? कड बघ, कड!"

३ मार्च
मेलो.
खोकी पुन्हा छापायची म्हणून उरलेलं एक भिंगाखाली धरलं. कड पाहिली. रेघ नुसत्या काळ्या शाईची असेल, तर सरकली तरी कडेला तांबडं-निळं येईल कुठून?
फाइल उघडली. एसव्हीजी — पडद्याचे रंग. छपाईच्या चार रंगांत बदलताना माझा काळा चारही शायांत वाटला गेला; दादांनी दाखवलेल्या निळ्या प्लेटवरच्या रेघा त्याच. मी तपासलं नाही. मी! बारकोड फक्त काळ्या शाईत, काळी शंभर टक्के, बाकी शून्य — ही ताकीद साऱ्यांना देत फिरणारा मी.
रंग केसभर तर रोजच सरकतात. चित्राला चालतं, असल्या बारीक रेघांना नाही. मशीन ठीक होतं. दादांचे डोळेही.
ताट तसंच सारलं. बायको म्हणाली, "बरं नाही का?" म्हटलं, डोळे दुखतात.

४ मार्च
मालकांना सांगितलं नाही.

५ मार्च
आजही नाही. दारापर्यंत गेलो होतो.

८ मार्च
दादांच्या घरी गेलो. कुलूप. शेजारीण म्हणाली, "लेकीकडे गेले, कायमचे. तुम्ही मास्तर ना? तुमचं कौतुक फार करायचे हो."

९ मार्च
मालकांसमोर उभ्यानंच सगळं ओकून टाकलं. त्यांनी कपाटामागून कागदात गुंडाळलेली प्लेट काढली. निळी.
"दादा जाताना ठेवून गेले. म्हणाले, 'मास्तर येईल काही सांगायला, तेव्हा त्याला द्या. वेळ लागेल, पण येईल. आला की ओरडू नका त्याला.'"