डाव्या हाताचं धनुष्य

९ जुलै, मंगळवार

जमलं नाही.

व्हर्न लाकडं आणायला गेलेला बघून शेडमध्ये शिरले आणि खिळ्यावरचं धनुष्य काढलं. दोरी जेमतेम वीतभर मागे आली आणि उजव्या खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले! तशीच रंगाच्या डब्यावर बसून राहिले. फेब्रुवारीत, मी काम करते त्या शाळेच्या स्वयंपाकघरामागच्या पायरीवर बर्फात घसरले, मार्चमध्ये खांदा उघडून शिवला. तेव्हापासून सगळे म्हणतायत — उन्हाळ्यापर्यंत होईल बरा. उन्हाळा आला की!

व्हर्नने आल्यावर विचारलं, "कुठे होतीस?" टोमॅटोंना पाणी घालत होते, म्हटलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर नवऱ्याशी खोटं बोलायचं, तेही टोमॅटोंवरून!

एक ऑक्टोबरला धनुष्याचा मोसम उघडतो. बारा आठवडे राहिले.

१३ जुलै, शनिवार

माझा भाऊ आर्विड आला होता. सॉनात वाफ घेऊन झाल्यावर तिघं पायरीवर बसलो, डास मारत. त्याला राहवेना. "डार्लीन, क्रॉसबो घे आणि मोकळी हो. बंदुकीसारखा खांद्याला लावायचा, घोडा दाबायचा. खांदे गेलेले सगळे तेच वापरतात."

"माझा एकच गेलाय," मी म्हटलं.

"दुसरा जायची वाट बघणार का?"

हसलो. व्हर्न मात्र हसला नाही. तो सरोवराकडे बघत बसला होता.

क्रॉसबोत वाईट काही नाही. पण धनुष्य ओढताना पाठीतून जे येतं ना — सगळं अंग एका जागी गोळा होतं, मग सुटतं — ते मला परत हवंय. हे आर्विडला सांगून काय उपयोग? "मग योगासनं कर," म्हणेल.

आणि दुसरंही आहे. ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. दोन वर्षांपूर्वीचा तो हरणाचा नर. तीस पावलांवर उभा होता. नेम धरला, सोडला — बाण मागे लागला, पोटात. दोन दिवस शोधला. रक्त आधी नेच्यांवर होतं, मग दगडांवर थेंब-थेंब, ओढ्याशी आल्यावर काहीच नाही. कुठेतरी पडून मेला असणार, आठवडाभर झिजून. माझ्यामुळे.

गेल्या वर्षी अख्खा मोसम मचाणावर बसले. तीन हरणं समोरून गेली. एकदाही दोरी ओढली नाही. घरी येऊन सांगायचे, "काही आलंच नाही."

१८ जुलै, गुरुवार

व्यायाम करून घेणारी बेथनी आज स्पष्टच बोलली. "या हाताने जोर लावून ओढणं — यंदा नाहीच. पुढचंही मी वचन देणार नाही."

"आणि ढकलणं?"

"ढकलायला हरकत नाही. ढकल हवं तेवढं."

काय ढकलू? गाडी?

घरी येऊन पन्नुकाक्कू केला, भट्टीतला फिनिश पॅनकेक. कडेने करपला. व्हर्नने मुकाट्याने खाल्ला.

२३ जुलै, मंगळवार

सगळं नीट लिहून काढायला हवं, नाहीतर उद्या माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

क्रॉसबो बघायला म्हणून ड्वेन पेरालाच्या दुकानात गेले. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. आता टक्कल पडलंय, आवाज तोच. म्हटलं, हरले बाबा, दाखव तुझे घोडेवाले. त्याने एकही काढला नाही. म्हणाला, "आधी धनुष्य कसं धरतेस ते दाखव." दोरीशिवाय नुसतं उभं राहून दाखवलं. तो डोकं खाजवायला लागला.

"मान का वाकवतेस गं एवढी?"

"अशीच वाकवते."

"कायम?"

"कायम."

मग त्याने मला हात पुढे करायला लावले. दोन्ही पंजे एकमेकांवर ठेवून मधे लहानसं भोक. "त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ. आता डावा डोळा मीट."

घड्याळ गेलं! भिंत दिसायला लागली, नुसती भिंत.

"आता उजवा मीट."

घड्याळ जागेवर.

ड्वेनने काउंटरवर हात आपटला. "अगं बाई, तुझा डावा डोळा मालक आहे! उजवा नुसता सोबतीला. आणि तू जन्मभर नेम धरलास तो उजव्याने!"

 मग त्याने माझे दोन्ही हात पसरवून टेपने माप घेतलं, कागदावर भागाकार केला. साडेपंचवीस इंच. मी दोरी इतकीच मागे आणायची, जास्त नाही. मी वापरते ते व्हर्नचं धनुष्य अठ्ठावीस इंचांचं आहे.

"नवऱ्याचे बूट घालून नाचलीस तू तीस वर्षं," ड्वेन म्हणाला, "आणि वर म्हणतेस मला नाचता येत नाही."

मी म्हटलं, नेमबाजी माझ्या हातातच नाही असं वाटायचं मला. स्पर्धेत सगळ्यात शेवटी मी. आर्विड चिडवायचा. आणि तो नर — पण ते नाही बोलले.

ड्वेन म्हणाला, "डाव्या हाताचं घे. म्हणजे डाव्याने ओढायचं, उजव्याने नुसतं धरून पुढे रेटायचं."

पुढे रेटायचं! म्हणजे ढकलायचं! बेथनीला दुकानातूनच फोन लावला. ती हसली आणि म्हणाली, "हलक्यापासून सुरू कर. दुखलं की थांब."

छप्पन्नाव्या वर्षी डावखुरी होणार मी!

२४ जुलै, बुधवार

व्हर्नला सांगितलं. सांगायला नको होतं — निदान जेवताना तरी.

"म्हणजे मी तीस वर्षं चुकीचं शिकवलं."

"तुला कुठे माहीत होतं?"

"माहीत असायला हवं होतं ना. नेम धरताना तुझ्या शेजारी उभा असायचो मी."

लग्नानंतरच्या पहिल्या शरदात त्याने स्वतःचं जुनं धनुष्य मला दिलं होतं, मुठीवर नवं चामडं चढवून. मला ते अंगठीपेक्षा जास्त आवडलं होतं. हे म्हणायचं राहिलं. तो लाकडं फोडायला गेला. ती कालच फोडून झाली होती.

२७ जुलै, शनिवार

ड्वेनकडे डाव्या हाताची तीनच. "डावखुरे कमी, म्हणून धनुष्यंही कमी."

पहिलं आखूड, काळं, झकपक. खेळण्यासारखं हलकं. ड्वेन म्हणतो, हल्ली सगळ्यांना हेच हवं असतं, बाण फार जोरात जातो. ओढलं — धनुष्याच्या टोकांची चाकं मध्यावर आली आणि असा झटका बसला की दोरी मलाच ओढून नेते की काय! ठेवून दिलं.

दुसरं ओढायला मऊ, पण उचलायला जड. उजवा हात थरथरायला लागला. बेथनीचा चेहरा आठवला.

तिसरं गेल्या वर्षीचं, मळकट हिरवं, थोडं लांब. कुणी हात लावला नव्हता त्याला. ड्वेनने त्याचं ओढायचं वजन चाळीस पौंडांवर उतरवलं आणि मला खुर्चीत बसवलं. "पाय जमिनीवरून उचल. धनुष्य आकाशाकडे न नेता सरळ मागे ओढ. आलं तर तुझं. नाही आलं तर वजन जास्त आहे."

पाय उचलले. डाव्या हाताला कळेना आपल्याला काय करायचंय! मग कळलं. चाकं हळूच फिरली — झटका नाही, काही नाही — आणि शेवटी सगळं वजन जणू कुणीतरी हातातून काढून घेतलं. दोरी गालाला लागून थांबली. मान सरळ! नेम धरायची टिकली समोर, तिच्या मागे घड्याळ. दोन्ही डोळे उघडे.

"धरून ठेवता येतंय?"

"ये उद्या सकाळी, तेव्हा सोडते," म्हटलं.

तरी विचारलं, पहिल्यापेक्षा हळू आहे ना हे? ड्वेन म्हणाला, "बाई, हरीण काही घड्याळ लावून बसलेलं नसतं. बाण जागेवर लागतो की नाही, तेवढंच त्याला कळतं."

घेतलं. हिरवं.

३० जुलै, मंगळवार

पहिले वीस बाण. अकरा गवतात. एक टोमॅटोत! माझ्या खोट्याची शिक्षा टोमॅटोंना.

६ ऑगस्ट, मंगळवार

दात डाव्या हाताने घासते. काटा डाव्या हातात. दोन्हीकडून सांडतं.

खांदा दुखतो, पण थकल्याचं दुखणं आहे, फाटल्याचं नाही. फरक कळतो आता.

१७ ऑगस्ट, शनिवार

ड्वेनने ताणलेल्या कागदातून बाण मारायला लावला. कागदाला लांब चीर पडली तर बाण वाकडा जातोय. माझी बोटभर लांब! त्याने धनुष्याचे दोन स्क्रू फिरवले, मी पुन्हा मारला. पाच वेळा केलं. शेवटी कागदात गोल भोक आणि पिसांच्या तीन खुणा, बस्स. कागद घडी करून घरी आणला. व्हर्नला दाखवला. त्याने लांब धरला, जवळ धरला. "छान आहे." आणि बाहेर गेला.

यंदा तो स्वतः एकदाही नेम धरायला उभा राहिला नाही. दर मंगळवारचा तिरंदाजीचा क्लबही सोडलाय. किती दिवस रुसायचं माणसाने?

२ सप्टेंबर, सोमवार

उद्या शाळा. तीनशे मुलांचं जेवण. उजव्या हाताने पातेली उचलायची नाहीत, अशी स्वयंपाकघराच्या मुख्य बाईंनी सक्त ताकीद दिलीय.

आज अठरा पावलांवरून दहा बाण मारले. दहाही बशीएवढ्या जागेत! पुन्हा दहा. पुन्हा बशी. मोठ्याने हसले, कावळा उडाला.

पंचवीस पावलांवर पसरतात. ठरवलं — हरीण अठराच्या आत आलं तरच. एकोणीसला नाही. कितीही मोठी शिंगं असोत.

१४ सप्टेंबर, शनिवार

आर्विडने बघितलं. तीन बाण मारले त्याच्यासमोर. तो गेला, जवळून बघून आला. "ही कोण बाई? आमच्या डार्लीनला कुठे लपवलंस?"

मग खाली मान घालून — "लहानपणी फार चिडवलं गं तुला."

"अजून चिडव. आता परवडतं मला."

१ ऑक्टोबर, मंगळवार

मोसम उघडला. शाळा सुटल्यावर गेले. मचाण नाही, आर्विडने सीडरच्या झाडांच्या आडोशाला जमिनीवरच कापडी तंबू ठोकून दिलाय, आत खुर्ची. दोन खारी. एक साळिंदर, स्वतःशीच कुरकुरत गेलं.

६ ऑक्टोबर, रविवार

एक नर आला होता. मोठा. तिसाच्या पुढे उभा राहिला बराच वेळ. हात दोरीकडेही गेला नाही. बरं वाटलं! गेल्या वर्षी ओढली नाही ती भीतीने. आज ओढली नाही ती ठरवून.

व्हर्नला हे सांगितलं. आणि मग बाकीचंही सांगून टाकलं — गेल्या वर्षीची तीन हरणं, आणि मी काय खोटं बोलायचे ते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लोक काय काय लपवून ठेवतात, नाही?"

१२ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी पावणेआठ. गवतावर दव गोठलेलं. तरणा नर, दोन-दोन फाट्यांची शिंगं. मॅपलची पानं हुंगत एकटाच आला. बावीस. एकवीस. थांबला. माझं काळीज इतकं वाजत होतं की त्याला ऐकू जाईल! मग झाडामागे गेला, मी ओढलं. झाडाच्या पलीकडून निघाला — सोळा पावलं, पूर्ण आडवा. मान सरळ. दोन्ही डोळे. टिकली पुढच्या पायाच्या मागे येऊन थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. मग बाण गेलेला होता.

चाळीस पावलं पळाला. पडला. पुन्हा हलला नाही. मी मोजलं — दहाच्या आत संपलं सगळं.

खुर्चीतच बसून रडले. आनंदाचं की दुःखाचं, दोन्हीचं. मग जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवला. गरम होती. आभार मानले. मोठ्याने नाही.

फोन केला. आर्विड आणि व्हर्न दोघं आले. नर कुठे पडलाय ते ठाऊक होतं, तरी रीत म्हणून मागावर व्हर्नला पुढे केलं — रक्ताचा माग काढावा तर त्यानेच, अख्ख्या गावात नाव आहे. तो रक्ताने लालभडक झालेल्या एका पानावर पाय देऊन सरळ पुढे गेला. मी हाक मारली, "अरे, हे काय, इथे!" वळला. खाली बघत राहिला. म्हणाला, "हो हो. दिसलं."

नर आर्विडने आणि मी ओढत आणला — मी डाव्या हाताने. संध्याकाळी सॉना. व्हर्नने काळीज आणि कांदे परतले. माझ्या ताटात पहिला तुकडा त्यानेच वाढला. 

१५ ऑक्टोबर, मंगळवार

व्हर्न सकाळी स्वतःहून म्हणाला, "मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने." उजव्या डोळ्यात मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. दोन वर्षं झाली — दोन वर्षं! टिकली दिसत नव्हती त्याला. मी समजत होते, रुसलाय. डावा डोळा स्वच्छ आहे, डॉक्टर म्हणाले, जपलात तर राहील. येताना अर्धा रस्ता संपला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ड्वेनकडे माझ्या मापाचं डाव्या हाताचं असेल का गं? शिकवशील?"

मी गाडी वळवली.