दर्ग्याचं कडं

सोमवार, ६ मे

अम्मींनी आज परस्पर सांगून टाकलं! नळावर बायका माझ्या मनगटाकडे बघत होत्या. मी तोंड उघडायच्या आत सासू पुढे — "दर्ग्यातून आणलंय. मन्नतीचं कडं हाय. काढायचं नाय."

दर्गा कसला! अलिबागच्या डॉक्टरांनी घालायला लावलंय. गेल्या वर्षी मी बेशुद्ध पडले, तेव्हा दवाखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं की मी लिथियमच्या गोळ्या घेते. तेच कोरलंय कड्यावर, इंग्रजीत.

घरात आल्यावर म्हणाल्या, "काय सांगू मग? डोक्याच्या गोळ्या खाते? तबरेजची बायको वेडी, असं मोहल्लाभर होईल." तबरेज कुवेतला. फोनवर तोही — "अम्मी सांगते तसं कर ना."

गुरुवार, ९ मे

तिघी आल्या. कड्याला हात लावून डोळ्यांना लावला. एकीला नातू हवाय. मी दुआ मागितली — काय करणार? हसू येत होतं, दाबलं. जरा जास्त हसले की अम्मी विचारतात, "गोळी घेतलीस ना?" रडले तरी तेच.

शनिवार, ११ मे

गोळीने हात थरथरतो. बायकांना वाटतं, बरकत उतरतेय!

मंगळवार, १४ मे

मागच्या गल्लीतल्या आसियाभाभी लेकीला घेऊन आल्या. लाइबा. एकोणीस वर्षांची. सहा दिवस झोप नाही. एका दमात बोलत होती — दुबईत दुकान काढणार, सगळ्या गावाला हजला नेणार! डोळे नुसते लखलखत होते.

ते डोळे मी ओळखते. दोन वर्षांपूर्वी माझे होते. भर उन्हात अनवाणी दिघीच्या जेटीवर गेले होते — खाडी चालत ओलांडायला.

"हिच्या डोक्यावर हात ठेव," भाभी म्हणाल्या. अम्मी दारात, नजर माझ्यावर. मी हात ठेवला, बिस्मिल्ला म्हटलं आणि त्यांना जाऊ दिलं.

जाऊ दिलं!

बुधवार, १५ मे

जेवण गेलं नाही. त्या पोरीला काही झालं तर? उद्या सांगणार. अम्मींनी घराबाहेर काढलं तरी.

गुरुवार, १६ मे

अम्मी दुपारी आडव्या झाल्या तशी भाभींकडे गेले. सगळं सांगितलं — गोळ्या, डॉक्टर, कडं.

भाभी म्हणाल्या, "मला इंग्रजी वाचता येतं, महेरुन. कधीच वाचलंय मी ते, नळावर. म्हणूनच लाइबाला तुझ्याकडे आणली. अम्मींसमोर विचारणार कशी? डॉक्टरांचं नाव सांग."