चंद्रवेणीची हनवटी

रत्नागिरी, फाल्गुन वद्य पंचमी

ती. यमुनाअक्कास मथुरेचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल. तुझे गुडघे आणि भाऊजींचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा करते. आमच्या दमूला बघायला हातखंब्याची मंडळी काल येऊन गेली. जे घडलं ते दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्याआधी मीच लिहिते.

तुला 'संगीत चंद्रवेणी' आठवतं ना? दमू पाळण्यात होती, तिला आईपाशी ठेवून आपण दोघी गेलो होतो. चंद्रवेणी पदराचं टोक हनवटीशी धरून अशी काही हळूच वळायची, की बायकांच्या बाजूला कुणी खोकेना. दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या साऱ्या हनवट्या गडप. विहिरीवर, हळदीकुंकवाला, मी तर कोळणीशी बांगड्यांचा भाव करतानाही पदर सोडला नाही (तिने दाढ दुखते का म्हणून विचारलं). देखणेपण म्हणजे काय ते मला त्या नाटकात कळलं, आणि खरं सांगते अक्का, तेव्हापासून आरशात मी मला पुष्कळ बरी दिसू लागले. फार सुखाचे दिवस होते ते.

म्हणून दमूलाही मी तेच घोटून शिकवलं. पोरीने पोहे दिले, नाव सांगितलं, सगळं एका हाताने, दुसरा हनवटीला. मंडळींत कुजबुज सुरू झाली. अखेर मुलाची आत्या सोनूबाई म्हणाली, "हनवटीवर कोड तर नाय ना गो?" माझ्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा मुंबईत नोकरीला, दमूच्याही मनात भरलेला, आणि माझ्या शिकवणीपायी स्थळ हातचं जाणार.

तेवढ्यात मुलाचे धोंडूकाका (भरघोस मिशा, पोट असं की पाट पुरेना) हसत सुटले. म्हणाले, "बाय, पदर खाली घे. दुसऱ्या अंकापर्यंत माझी दाढी वर यायची, म्हणून मी तो धरायचो."

अक्का, चंद्रवेणीचं नाव धोंडू! मी आत जाऊन थोडी रडले. मग बाहेर येऊन त्यांना आणखी पोहे वाढले. काही झालं तरी माझं तारुण्य त्यांनीच देखणं केलं होतं. दमूची हनवटी सर्वांनी पाहिली, पसंत पडली.

मुलांना माझ्याकडून एकेक पापा.

तुझी,
मथुरा

ता. क. मंडळींचा होकार आहे. पण नाटकवाल्याच्या घरात मुलगी देणार नाही म्हणून भाऊजी अडतील, आणि त्यांच्या शब्दाबाहेर इथे कुणी जात नाही. त्यांना राजी करणं तुझ्याकडे. पत्र त्यासाठीच.

आणखी ता. क. फारच अडून बसले, तर एवढंच विचार, की त्या वर्षी कोर्टाच्या तारखेला म्हणून रत्नागिरीत राहून चंद्रवेणीला रोज सुरंगीच्या फुलांचा वळेसर कोण पाठवीत असे. धोंडूकाकांना नाव अजून पाठ आहे.