यारेत्झीचे चौपन्न प्रश्न

३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
यारेत्झीच्या शाळेतून पाकीट. पोरगी जागेवर बसत नाही, काम अर्धवट टाकते, म्हणे एडीएचडीची तपासणी करू. चौपन्न प्रश्न, आईवडिलांनी शुक्रवारपर्यंत भरायचे. शुक्रवार कशाला? जेवणाआधी उरकतो. त्याआधी बाथरूमच्या राहिलेल्या चार फरश्या बसवतो. ईस्टरपासून राहिल्यात. एरवी मी फरशीवाला, अख्ख्या फ्रेस्नोत लोकांची बाथरूमं दोन दिवसांत करून देतो.

६.४०
सिमेंट संपलंय.

४ ऑक्टोबर
प्रश्न १. दुसरे बोलताना मध्ये बोलते का? आमच्याकडे जो मध्ये बोलत नाही, त्याला ताप आलाय का ते बघतात. बाईंच्या घरी रांग लावून बोलत असतील. 'कधीच नाही.' प्रश्न २. जेवताना उठते का? तव्यावरची गरम तोर्तिया आणायला कोणीतरी उठणारच. 'कधीच नाही.' बायको ओदिलिया म्हणाली, खरं लिही. तिला म्हटलं, घरची लक्तरं शाळेच्या वेशीवर टांगायची नसतात.

७ ऑक्टोबर, शुक्रवार
फॉर्म सापडत नाही.

९ ऑक्टोबर
ट्रकमध्ये सापडला. मागे कोणीतरी बाथरूमची मापं लिहिलीत. अक्षर माझ्यासारखं आहे.

१२ ऑक्टोबर
शाळेच्या डॉक्टर किरोगांचा फोन. आपल्यातल्याच, मेक्सिकोकडच्या, स्पॅनिश बोलतात. नुसत्या फॉर्मवरून काही ठरवणार नाही, घरी येते, आजीशीही बोलते, म्हणाल्या. शहाणी बाई. ही आपली पद्धत आहे, आजार नाही, हे तिला दहा मिनिटांत कळेल. जिंकल्यात जमा.

१५ ऑक्टोबर
रंगीत तालीम. यारेत्झीने वीस मिनिटं खुर्चीत बसायचं, मी घड्याळ लावणार. ती चौथ्या मिनिटाला उठली. मी तेव्हा अंगणात गळका नळ बघत होतो. मागे येऊन म्हणाली, "पपा, मी ढ आहे ना? सगळ्यांचं वाचून होतं, माझं होत नाही." कोण म्हणालं, विचारलं. कोणी नाही, मला दिसतं, म्हणाली. तिच्यासाठी आइस्क्रीम आणायला गेलो. नळाची तोटी घेऊन आलो.

१८ ऑक्टोबर
डॉक्टर आल्या. आईने केलेलं पोसोले, आमचं मक्याचं सूप, दोन वाट्या प्यायल्या. आमचं घर असंच, मी समजावून सांगितलं. बराच वेळ. त्यांनी सगळं लिहून घेतलं, मग हळूच विचारलं, तुमची भाची नायेलीही याच टेबलावर वाढली ना? नायेली, यारेत्झीच्याच वयाची, तासभर मणी ओवत बसली होती. दगाबाज पोरगी.

मग डॉक्टरांनी आईला विचारलं, हा लहानपणी कसा होता. तिला आधीच बजावलं होतं, कौतुक कर. तिने केलं. "अगदी यारेत्झी. गावी, मिचोआकानच्या शाळेत मास्तर याला पट्ट्याने बाकाला बांधायचे. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच." एकटी आईच हसली. मी पोसोले बघायला उठलो. परत आल्यावर कळलं, ती माझी उठण्याची अकरावी वेळ. कोणी मोजत असेल तर आधी सांगायला हवं.

२६ ऑक्टोबर
निकाल. यारेत्झीला एडीएचडी आहे. डॉक्टरांनी तिलाच समोर बसवून सांगितलं, तू ढ नाहीस. तिने दोनदा विचारून खात्री केली. आता पुढचा बाक, परीक्षेत जास्त वेळ, औषधाचं नंतर बोलू. निघताना माझ्या हातात एक फॉर्म. मोठ्यांसाठीचा, अठरा प्रश्न. आई म्हणाली, याला आता कशाला? ओदिलिया म्हणाली, चाळीस वर्षं उशीर झालाच आहे, पण हा फॉर्म ट्रकमध्ये जाणार नाही.

२७ ऑक्टोबर, दुपारी ४
आज एका बैठकीत अठराही. यारेत्झी शेजारी बसली. प्रश्न १. हाती घेतलेलं काम शेवटी अर्धवट राहतं का? 'कधीच नाही'वर पेन टेकवलं. ती बाथरूमच्या दाराकडे बघत होती.

"खरं लिही, पपा," ती म्हणाली. "तूपण ढ नाहीस."

'नेहमी'वर खूण केली. डोळे पुसले.

सतरा राहिलेत. तेवढ्यात सिमेंट घेऊन येतो.