मनगटाला किती आठवडे लागले

नौपाडा, ठाणे
१५ डिसेंबर २०२५

प्रिय मेघना,

सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे कदाचित उघडणारही नाहीस. तू आणि विनीत वेगळे झालात त्याला तीन वर्षं झाली. तेवढ्या काळात सासू म्हणून मी एक फोन केला नाही, आणि आता एकदम पत्र. फोनवर मी अर्ध्यातच घाबरले असते, म्हणून लिहितेय.

सध्या मी माझ्या बहिणीकडे, शकूकडे आहे. सात आठवड्यांपूर्वी उजवा घोटा मुरगळला. हाड शाबूत आहे, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलंय. कोपर स्टेशनजवळचं आपलं घर दुसऱ्या मजल्यावर, हे तुला काय सांगायचं! शकूचं तळमजल्यावर, म्हणून इथे. विनीत तिकडे एकटाच असतो.

दोन गल्ल्या सोडून ऋजुता नावाच्या मुलीचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तुझ्याच वयाची असेल. मला वाटलेलं, शेक देईल, चोळून देईल. तिने पहिल्याच दिवशी पायाच्या अंगठ्याने हवेत एबीसीडी काढायला सांगितली. मी म्हटलं, "बाई गं, बत्तीस वर्षं पहिलीच्या मुलांना क ख ग शिकवलंय. मराठी चालेल का?"

"धावेल, काकू!"

मग काढली. 'ग' सोपा, 'ट' जमतो, पण 'ळ' काढताना घोटा असा काही कळवळतो! पोरं 'ळ'पाशी का अडायची ते मला निवृत्तीनंतर कळलं.

पुढे एका पायावर उभं राहायचं. डोळे उघडे असले की मी वीस आकडे उभी राहते. मिटले की तिसऱ्याच आकड्याला भिंत धरते. असं का, म्हणून मी तिच्या मागेच लागले. ती म्हणाली, "मुरगळला ना, की आपण नक्की कुठे आहोत हे पायाला नीट कळत नाही. डोळे सांगतात म्हणून निभतं. त्याला परत शिकवायचं." दिवसभर माझ्या डोक्यात तेच. साठीपर्यंत ज्या पायावर चालले, त्याच्याबद्दल मला एवढंसुद्धा ठाऊक नव्हतं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावर एक मुलगी होती. मनगटाचं प्लॅस्टर नुकतंच काढलेलं, हात वाळून काटकी झालेला. ऋजुता तिचं मनगट जरा जरा मागे वाकवत होती आणि ती ओढणी दातांत धरून बसली होती. मी विचारलं, "याला किती आठवडे लागतात?"

"प्लॅस्टरचे सहा. मग नीट व्हायला दोन-तीन महिने तरी. घरी कुणीतरी रोज करून घ्यायला लागतं."

मेघना, तुझं कुणी करून घेतलं? तुला किती आठवडे लागले? पोळ्या लाटताना अजून दुखतं का? उजवं होतं की डावं, हे आठवायलाही मला वेळ लागला. उजवं होतं.

घोटा कसा मुरगळला ते लिहायचं मी टाळतेय. सगळ्यांना सांगितलं, स्टेशनच्या पुलावर घसरले. ऋजुताला ते पटलं नसावं. जिना उतरायचा सराव करताना मी पहिल्याच पायरीवर कठडा धरून थिजले, तेव्हा तिने विचारलं, "काकू, खरं सांगा, कुठे पडलात?"

तिला सांगितलं तेच तुला सांगते. तुझ्या इमारतीत पडले. माजिवड्याला.

पत्ता शकूने मिळवून दिला होता. लिफ्ट बंद होती, तीन मजले चढून दारापर्यंत आले. आतून तुझं हसणं ऐकू आलं, फोनवर कुणाशी तरी बोलत होतीस. कोपरला तू अशी हसल्याचं मला आठवेना. बेलपर्यंत नेलेलं बोट मागे घेतलं. उतरताना शेवटची पायरी चुकले. वॉचमनने खुर्ची आणली, विचारलं, "किसके यहाँ आए थे?" मी म्हटलं, "गलत बिल्डिंग में आ गई."

आले होते ते हे सांगायला. कल्याणला रवींद्र भावजींकडे तुम्हा दोघांबद्दल घरच्यांची बैठक बसली, तेव्हा तू प्लॅस्टरमधला हात पुढे करून म्हणालीस, "आई घरातच होत्या. त्यांना विचारा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मला काही दिसलं नाही." त्यानंतर तुझ्या वडिलांनीसुद्धा मान खाली घातली.

मी गॅलरीत नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात होते. विनीतने तुला ढकललं, तू ओट्यावर हाताच्या भारावर आदळलीस, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. विनीत म्हणाला तशी तू घसरली नव्हतीस.

काल विनीत मला बघायला आला होता. त्याला समोर बसवून हे सांगितलं, तुला लिहिणार आहे हेही सांगितलं. तो म्हणाला, "आई, आता कशाला? तीन वर्षं झाली."

"तेव्हा बोलले नाही म्हणून."

चहा तसाच टाकून गेला. अजून फोन नाही. मग मी भावजींना फोन लावला, त्यांनाही सांगितलं. तुझ्या वडिलांना कसं सांगायचं ते तू ठरव. बोलावलंस तर मी येईन आणि सगळ्यांसमोर बोलेन. नको असेल तर हे पत्र दाखव. तुला न विचारता परत तुझ्या दाराशी येणार नाही.

कुणी विचारलंच, तर कामी यावं म्हणून खाली पूर्ण नाव लिहितेय.

स्वयंपाकघराच्या दारात उभी होते ती,
शालन महिपत जाधव