न शिजलेली उसळ

कळंब, ता. इंदापूर
गुरुवार, २१ नोव्हेंबर १९९६

आज सकाळी नळाला पाणी आलं नाही. हापशावरून आणलं. शाळेत आठवीची चाचणी घेतली. दुपारच्या एसटीनं डबा आला. संध्याकाळी जेवलो आणि पत्र लिहायला बसलो.

आदरणीय मामांस,

तुमचा जावई संघपाल याचा सविनय जय भीम. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला कमी झाला का? माझी तब्येत बरी आहे. वजन वाढलं आहे, ते मामींच्या डब्यामुळे (हे त्यांना सांगावं).

तुमची चिठ्ठी सोमवारी डब्यात मिळाली. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. इथिओपियात इंग्रजी शिकवून मी काय शिकलो, आणि तिथल्या हेडमास्तरांनी जानेवारीपासून पुन्हा बोलावलं आहे, तर जाणार की नाही. 'ज्योत्स्ना गेली, मूलबाळ नाही, इथं कोणासाठी थांबायचं,' हे तुमचं वाक्य मी परत परत वाचलं. त्याचं उत्तर देतोच. आधी उसळीचं.

आज कंडक्टर सिद्धूनं डबा हातात दिला आणि एसटीच्या दारातूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, मामी इचारत्यात, ह्ये कडधान्य कंच्या दुकानातलं? रातभर भिजवलं, शिट्ट्यावर शिट्ट्या केल्या, तरी शिजंना. मामांनी एक दाणा चावला तर कवळी हातात आली. मग नुसता कट प्यालं, आन् रातभर डोळ्याला डोळा न्हाय. पहाटं उठून दुखऱ्या गुडघ्यानं गोठा झाडून काढला म्हनं!"

मामा, ते कडधान्य नव्हे. ती कॉफी आहे, कच्ची. आलेला डबा रिकामा परत पाठवू नये म्हणून मी रोज काही ना काही घालत होतो, कधी लिंबं, कधी शाळेमागची चिंच. मंगळवारी घरात काही नव्हतं, म्हणून इथिओपियाहून आणलेले, ट्रंकेच्या तळातले ते हिरवे दाणे घातले. तिकडे पाहुणा आला की ते त्याच्यासमोर भाजतात, कुटतात आणि मग उकळतात. सोबत दोन ओळी लिहायला हव्या होत्या. (ज्योत्स्ना म्हणायची, ह्यांना बोलायचे पैसे पडतात.)

आता शिकवण्याचं. पुस्तकातला पहिला पाठ 'आपण कसे आहात' हा होता. मला तो कोरडा वाटला. आपल्याकडे माणूस भेटला की आपण "जेवला का?" विचारतो. तेच मी इंग्रजीत फळ्यावर लिहिलं आणि खाली उत्तर लिहिलं, होय, जेवलो. आपल्याकडे याला दुसरं उत्तर नाही. (पोटात अन्न नसलं तरी आपण हेच का म्हणतो, याचं मला अजून कुतूहल आहे. मुलगी पाहायला तुमच्याकडे आलो तेव्हा मी सकाळपासून उपाशी होतो, आणि जेवून निघालो म्हणालो. मामींनी माझं न ऐकता ताट वाढलं ते बरं झालं.) पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं. तिनं फळा वाचला, विचार केला आणि "नाही सर" म्हणाली. फळ्यावरचं उत्तर द्यायचं, असं मी सांगितलं. ती म्हणाली, ते खोटं आहे. मग सगळा वर्ग "नाही सर" म्हणाला आणि माझ्याकडे बघत बसला. त्या गावात हा प्रश्न जो विचारील त्यानंच वाढायचं असतं, हे हेडमास्तरांनी मला मागाहून सांगितलं. त्या दिवशी मी वर्गाला बाजारातून पाव आणून दिले. दुसऱ्या दिवशी शेजारचा वर्गही इंग्रजी शिकायला माझ्याकडे आला.

वाक्य मुलांबरोबर घरोघर गेलं. बाजारात कोणीही मला इंग्रजीत जेवलात का विचारायचं. मी सवयीनं होय म्हणायचो, आणि समोरचा हिरमुसायचा. एकदा हेडमास्तरांच्या घरी मी खरं बोललो. तिकडे आंबोळीसारखी भली मोठी इंजेरा असते, आणि सगळे एकाच ताटात जेवतात. त्यांनी तुकडा तोडला, कालवणात गुंडाळला आणि सरळ माझ्या तोंडासमोर धरला. मामा, मी चाळिशीचा माणूस. आईनंतर मला एकदाच कोणी घास भरवला होता, लग्नात, तोही फोटोवाल्यानं आग्रह केला म्हणून. (ज्योत्स्नानं तो मुद्दाम एवढा मोठा केला होता की मला चावता येईना. फोटो तुमच्या भिंतीवर आहे.) मी मान मागे घेतली. हेडमास्तरांनी घास ताटात परत ठेवला. तिकडे घास भरवणं हा पाहुण्याचा मान असतो. पुढच्या वेळेपासून मी तोंड उघडू लागलो, पण दाताच्या डॉक्टरपुढे उघडतात तसं, डोळे मिटून.

ज्योत्स्ना गेल्याची तुमची तार आली त्या दिवशी मी कोणाला काही सांगितलं नाही. तास घेतला. पहिल्या बाकावरची मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, जेवलात का?" मी फळ्यावरचं उत्तर द्यायला गेलो आणि "नाही" म्हणालो. संध्याकाळी माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. घास पुढे यायचा, मी तोंड उघडायचो. परदेशात मी शिकलो ते एवढंच. इंग्रजी होतं तेवढंच राहिलं.

जळोचीला तुमच्या घरी पोचलो तोवर तुम्ही सगळं उरकलं होतं. मामींनी दारातच विचारलं, "जेवलासा का?" आणि मी म्हणालो, होय, जेवलो. त्या आत गेल्या. तेव्हापासून त्या डबा पाठवतात आणि मी धुऊन परत करतो. लेकच राहिली नाही, तर जावयानं बोलावल्याशिवाय उंबऱ्यात कसं यावं, हे मला कळत नाही. तेव्हा तुम्ही म्हणता तसं जायला हरकत नसावी. काम बरं आहे, माणसं चांगली आहेत.

डबा आता बंद करावा. मामींना त्रास होतो, आणि मला भाकरी येते.

आपला,
संघपाल

ता. क. मला भाकरी येत नाही. डबा बंद करू नये.

ता. क. उरलेले दाणे फेकू नयेत. रविवारी मी ते भाजायला येतो. मामींना एवढंच सांगावं, की दारात मला तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारा. मी सकाळपासून काही खाल्लेलं नसेल, आणि या खेपेला तसं सांगेन. त्यांनी विचारलं नाही, तर जानेवारीत जाईन. विचारलं, तर हेडमास्तरांना नकार कळवेन. सिद्धूजवळ निरोप देऊ नये, सगळ्या स्टँडला कळेल.

ता. क. उद्या डब्यात घालायला घरात काही नाही, म्हणून हे पत्रच घालतो. डबा घासून पालथा घातला आहे. आतून अजून ओला आहे, तो पुसून घेतो.